लुंगीवरच बाहेर



एप्रिल-मे महिन्यात निपाणी, चिकोडी, संकेश्वर या बाजूला दुपारी कुणाच्याही घराचं दार वाजवून बघा. आतून आवाज येतो, ‘थांबा हं, आलोच!’ आणि मग दोन मिनिटं काहीच हालचाल नाही. घरातला पुरुष तेवढ्या वेळात लुंगी सोडून पँट चढवत असतो. माणूस स्वतःच्या घरात आहे, बाहेर ऊन मी म्हणतंय, अंगावर स्वच्छ धुतलेली सुती लुंगी आहे. तरीही आलेल्या माणसासमोर तसं जायला त्याला संकोच वाटतो. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेला आणि कुणी ओळखीचं भेटलं, की ‘जरा लुंगीवरच आलो’ असं तो आपण होऊन सांगतो. कुणी विचारलेलं नसताना दिलेली ही सफाई मला फार खटकते. आज मला बोलायचं आहे ते तिच्याबद्दल.

जून 2017 मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटर गावच्या एका शाळेत मुलांनी उन्हाळ्यात हाफपँट घालू देण्याची मागणी केली. शाळेने नकार दिला. मुलींना स्कर्टची मुभा होतीच. तेव्हा तीसेक मुलगे शाळेचाच स्कर्ट घालून वर्गात आले. त्याच आठवड्यात फ्रान्समधल्या नांत शहरातले बसचालक स्कर्ट घालून गाडीवर बसले, कारण त्यांनाही हाफपँटची मनाई होती. या बातम्या आपल्याकडे ‘पाहा, परदेशात काय काय चालतं’ अशा सुरात छापून आल्या. पण ती मुलं आणि ते चालक मागत काय होते? पायांना वारा लागावा, एवढंच. दोन टोकं शिवलेली आपली लुंगी म्हणजे सरळसरळ गोल घेर. घाटाखाली उतरा, पुढे दक्षिणेला केरळपर्यंत जा, किंवा समुद्र ओलांडून श्रीलंका आणि म्यानमार गाठा. असा घेर नेसून पुरुष कचेरीत जातात, लग्नात मिरवतात, विधानसभेत भाषणं करतात.

आपल्या भागात पुरुषाचं आणि बाईचं कापड एकमेकांपासून फार लांब नव्हतंच. आजीचं नऊवारी आणि आजोबांचं धोतर आठवा. दोन्ही न शिवलेली, दोन्हीला निऱ्या, दोन्हीला मागे खोचलेला काष्टा. शेतात वाकायला, बैलगाडीवर चढायला, ओढा ओलांडायला दोघांनाही सारखीच मोकळीक. ती धोतरं विणणारे माग निपाणीपासून फार दूर नव्हते, इचलकरंजीत होते. मग काय झालं? बाईने नऊवारी सोडून पाचवारी घेतली, पाचवारीवरून पंजाबी ड्रेसवर आली, आता तिची लेक जीन्स घालून कॉलेजला जाते. प्रत्येक टप्प्याला घरात वाद झाले, काही घरांत अजून होतात, पण तिने वाट काढली. पुरुषाचा प्रवास मात्र धोतरावरून विजारीवर आला आणि तिथेच थांबला. त्याचं जुनं कापड घरात राहिलं आणि तिथेही दार वाजलं की लपायला लागलं.

बेळगावकरांना या बाबतीत एक मोठा वारसा आहे. डिसेंबर 1924 मध्ये टिळकवाडीच्या बाजूला, विजयनगर असं नाव दिलेल्या जागेत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची उभारणी केली होती. पाण्यासाठी खोदलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून तिथे आहे. गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते असं हे एकमेव अधिवेशन. त्याच्या तीन वर्षं आधी, सप्टेंबर 1921 मध्ये, मदुराईत त्यांनी अंगावरचे बाकीचे कपडे सोडून गुडघ्यापर्यंतचा पंचा स्वीकारला होता. म्हणजे बेळगावला देशातल्या सर्वांत मोठ्या राजकीय सभेचा अध्यक्ष पंच्यावर आला होता. शिवाय याच अधिवेशनात ठरलं, की सभासदाने वर्गणी म्हणून दरमहा दोन हजार वार सूत द्यायचं आणि पक्षाच्या कामाला येताना खादी घालायची. कोणी काय नेसावं हा प्रश्न आपल्या गावात देशाच्या राजकारणाचा प्रश्न म्हणून चर्चिला गेला आहे. गंगाधररावांच्या हुदली गावात त्यानंतर खादीचं काम उभं राहिलं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. अधिवेशनानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल 1925 मध्ये, निपाणीत बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांचा पोशाख आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे : सूट, टाय, पायात बूट. ज्या समाजाला चांगलं कापड नेसायची बंदी होती, ज्यांना वरच्या गल्लीतून जाताना चपला काढून हातात घ्याव्या लागत, त्या समाजातला माणूस कडक इस्त्रीची पँट घालून कचेरीत शिरला तेव्हा ती पँट म्हणजे त्याच्या माणूसपणाचा पुरावा होता. त्यामुळे ‘आपला जुना पोशाखच बरा’ असा सूर मी लावणार नाही. त्या जुन्या पोशाखातही कोणी धोतर घोट्यापर्यंत सोडायचं आणि कोणी गुडघ्याच्या वरच ठेवायचं, हे जातीने ठरत होतं. माझा आग्रह एवढाच आहे, की आज जो माणूस आपखुशीने, सोयीसाठी लुंगी, पंचा, धोतर किंवा शिवलेला घेर नेसतो, त्याच्या प्रतिष्ठेचं माप त्यावरून काढू नये. बाबासाहेबांचा सूट आणि शेतकऱ्याचं धोतर यांना एकाच दारातून, एकाच मानाने आत जाता आलं पाहिजे.

ते अजून जमत नाही. जुलै 2024 मध्ये बेंगळुरातल्या एका मॉलमध्ये हावेरीकडचा एक वयस्कर शेतकरी मुलाबरोबर सिनेमाला गेला. तिकीट काढलेलं होतं. अंगावर पांढरा सदरा आणि धोतर. रखवालदाराने अडवलं : पँट घालून या. चित्रफीत सगळीकडे पसरली, शेतकरी संघटना रस्त्यावर आल्या, विधानसभेत प्रश्न निघाला आणि सरकारने मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री होते सिद्धरामय्या, ज्यांची ओळखच पांढरा पंचा आणि खांद्यावरचं उपरणं ही आहे! बेळगावच्या सुवर्णसौधात हिवाळी अधिवेशनाला येणाऱ्या अशा पंच्याला सलाम ठोकला जातो आणि तोच पंचा शेतकऱ्याच्या कमरेला असला की सरकत्या जिन्याजवळ हात आडवा येतो. तामिळनाडूत 2014 मध्ये वेष्टी नेसलेल्या न्यायमूर्तींनाच एका क्लबने आत घेतलं नाही. तिथल्या सरकारने त्याच वर्षी कायदा केला, की अशा पोशाखावरून सार्वजनिक ठिकाणी कुणाला अडवता येणार नाही. कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही मला तसा कायदा हवा आहे.

आता पायांकडे येऊ. टाच नसलेली, सपाट, मोकळी चप्पल पुरुषाने घालावी की नाही असा प्रश्न जगात कुठेही निघाला तर त्याचं उत्तर आपल्या भागात तयार आहे. निपाणीशेजारी सेनापती कापशी, इकडे अथणी आणि आसपासची गावं. कोल्हापुरी नावाने विकली जाणारी कितीतरी चप्पल इथे बनते. ती होताना बसून बघावी. म्हशीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवून कमावलेलं असतं, त्याला एक उग्र, तुरट वास येतो. कारागीर पाऊल बेतून रापीने तळ कापतो, लाकडावर ठेवून ठोकतो, कान बसवतो, आरीने भोकं पाडतो आणि कातड्याच्याच वादीने कडेकडेने शिवत जातो. पारंपरिक जोडात खिळा नाही. पट्ट्यावरची वेणी बहुतेक घरांत बायका घालतात. त्यांची बोटं इतकी सरावलेली असतात, की नजर दारातल्या पोराकडे आणि वेणी आपली सरळ चाललेली. नवा जोड पहिले काही दिवस चावतो. तेल लावून घालत राहिलं की तळावर आपल्याच पावलाचा ठसा उमटतो आणि मग तो जोड दुसऱ्याला येत नाही. बाईचा जोड आणि पुरुषाचा जोड यांत माप आणि नक्षी सोडली तर फरक थोडा. दोन्ही सपाट.

या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून : महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. ज्या सीमापट्ट्यात एकेका गावावरून, एकेका पाटीवरून वाद होतो, तिथे चप्पल सामाईक आहे, याचा मला मनापासून आनंद होतो. जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानला तसलीच चप्पल मंचावर आणली, आपलं नावही न घेता. तो कार्यक्रम पुरुषांच्या कपड्यांचा होता. इकडून ओरड झाल्यावर कंपनीने चपलेचं मूळ मान्य केलं आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून दोन हजार जोड इथे बनवून घ्यायचं ठरवलं. किंमत जोडामागे सुमारे 800 युरो. मिलानमधले तरुण जी घालून चालले, ती आपल्याकडच्या बऱ्याच कचेऱ्यांत ‘फॉर्मल’ धरत नाहीत आणि मुलाखतीला जाणारा पोरगा मित्राचे बूट मागून नेतो.

सोयीची बाजूही नीट पाहू. खानापूर आणि बेळगावचा पाऊस ठाऊक असलेल्याला सांगायला नको, की भिजलेली जीन्स दिवसभर वाळत नाही. जांघेत नायटा झालेले पुरुष पावसाळ्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे रांग लावतात. डॉक्टर मलम देतात आणि सैल, सुती कापड वापरा म्हणून सांगतात. रोगी मान डोलावतो आणि तीच घट्ट पँट घालून घरी येतो. रोप लावणीच्या चिखलात लुंगी गुडघ्यावर दुमडून खोचता येते, बांधावर आलं की खाली सोडता येते. खिसा नाही ही तक्रार खरी. पण आपल्या आज्यांनी आणि आजोबांनी पैसे कनवटीला लावूनच आठवड्याचे बाजार केले, आणि आता तर शिवलेल्या लुंगीलाही खिसा लावून मिळतो. दुचाकीचं म्हणाल तर चाकात साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी लावायचा नियम आपल्याच देशात आहे. बाईच्या कापडासाठी यंत्रात सोय करता आली. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मात्र जाड पँट आणि बूटच हवेत, तिथे वितळलेलं लोखंड ओततात. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनीही अंगठ्याच्या चपलेबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं.

पण खरी अडचण ना खिशाची, ना चाकाची. मुलगी पँट घालून स्कूटर चालवते तेव्हा बाप कौतुकाने म्हणतो, ‘माझी पोरगी मुलासारखी आहे.’ मुलाने मात्र घेर नेसला की त्याला ‘बायल्या’ म्हणतात. पहिली दाद आणि दुसरी शिवी. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, की बाई असणं कमीपणाचं. जानेवारी 2020 मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातले तीन विद्यार्थी साडी दिनाला साडी नेसून आले. एका मैत्रिणीने त्यांना साडी नेसायला मदत केली. कपड्याला स्त्री-पुरुष असं काही नसतं, हे त्यांना दाखवायचं होतं. मला त्या मुलांचा अभिमान वाटतो. आपल्या जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगरावर साडी नेसलेल्या, डोक्यावर देवीचा जग घेतलेल्या जोगत्यांसमोर आपण हात जोडतो. त्यांची वाट श्रद्धेची आणि त्यांच्या स्वतःच्या ओळखीची आहे, ती सोयीसाठी नेसलेल्या कापडाहून वेगळी आहे. तरी आपल्या डोळ्यांना हे दृश्य परकं नाही, एवढं तरी मान्य करू या.

आणि पुरुषांनो, ही सवलत एकतर्फी मागता येणार नाही. ज्या घरात सुनेने पाहुण्यांसमोर साडीच नेसायची, रात्रीच्या गाऊनवर अंगणात यायचं नाही असा दंडक आहे, त्या घरातल्या पुरुषाने आधी तो दंडक काढावा आणि मग स्वतःच्या लुंगीची बाजू मांडावी. दोघांचा मोकळेपणा एकाच दिवशी दारात यावा.

शाळा-कॉलेजांच्या, बँकांच्या, सोसायट्यांच्या चालकांना माझी विनंती आहे. ‘सभ्य पोशाख’ या नियमाखाली पुरुषासाठी फक्त पँट आणि बूट लिहिलं असेल तर तिथे धोतर, पंचा, लुंगी आणि चप्पल हे शब्द वाढवा. वर्षातून एकदा पारंपरिक दिनाला मुलं भाड्याचं, इलॅस्टिकचं धोतर घालून येतात आणि आपण फोटो काढतो. तेच धोतर जून महिन्यातल्या साध्या मंगळवारी चालू द्या. आणि दुपारी दार वाजलं तर आहे तसे उठा आणि दार उघडा.