हाताला बसणारा डेस्कटॉप



लिनक्समध्ये एक मोठी सोय आहे.
पडद्यावर मेन्यू कुठे असावा, खिडक्या कशा उघडाव्यात, हे आपण निवडू शकतो.
हे सगळं सांभाळतो, तो डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट.

ग्नोम, प्लाझ्मा, सिनॅमन, एक्सएफसीई...
नावं पुष्कळ.
मग कायमचा घ्यावा कोणता?

देखणा नव्हे,
हाताला बसणारा.

साल 2011.
ग्नोमची तिसरी आवृत्ती आली.
खिडक्यांची खालची पट्टी गेली.
ओळखीचा मेन्यू गेला.
वर्षानुवर्षं वापरणारे वैतागले.
काहींनी मग जुन्याच ग्नोमचा कोड पुढे चालवला.
त्याचं नाव, माटे.
तो आजही चालू आहे.

म्हणून बघायचं हे, की हा डेस्कटॉप किती भराभर बदलतो?
एक्सएफसीई 1996 पासून आहे, आणि सावकाश बदलतो.
जुन्या लॅपटॉपलाही तो झेपतो.
माझं मत त्यालाच.

प्लाझ्मात मात्र जवळपास सगळंच बदलता येतं.
हौशी माणसाचा रविवार त्यातच जातो, ते सोडा!

वापरून पाहायला जुना डेस्कटॉप काढावा लागत नाही.
दुसरा शेजारी बसवा.
लॉगिन करताना हवा तो निवडा.

आठवडाभर रोजचं काम त्यावर करा.
मराठी टाईप करून बघा.
इंग्रजीतून मराठीत जायची कळ सहज सापडते का?
अक्षरं नीट वाचता येतात का?

पुन्हा सांगते, देखणा नव्हे, हाताला बसणारा.

आणि हो, प्रयोगाआधी आपल्या फाइल्सची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या.