रंग दबलेला, पण कोणी दाबला?

(मंचाच्या टोरोंटो येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा आटोपशीर करून.)



"रंग" या विषयावर बोला असे संयोजकांनी सांगितले तेव्हा वाटले, सोपे आहे. माझा निम्मा दिवस प्रयोगशाळेत रंग मोजण्यातच जातो. स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये नमुना ठेवला की कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश शोषला गेला त्याचा आकडा समोर येतो. आकड्याला ना लाज, ना अभिमान.

पण मराठीत विचार करायला बसले आणि अडकले. मराठीतला रंग मोजता येत नाही. तो चढतो, उतरतो, चेहऱ्यावरून उडतो. मैफल रंगात येते आणि कुणीतरी मध्येच मोबाईलवर बोलू लागला की बेरंग होतो. वेळ आली की माणसे आपले रंग दाखवतात. आणि आपला पांडुरंग! पांडु म्हणजे फिकट, पांढुरका. विटेवरची मूर्ती मात्र काळी. तिला "सावळा" म्हणत शतकानुशतके महाराष्ट्र चालत आला.

मग हीच भाषा मुलीकडे पाहताना एवढी कंजूष का होते?

गेल्या वर्षी एका मराठी घरगुती समारंभात एका काकूंनी माझ्या चौदा वर्षांच्या मुलीकडे कौतुकाने पाहिले आणि म्हणाल्या, "नाकीडोळी नीटस आहे हो. रंग जरा दबलेला आहे, एवढंच." मी हसले. हो, हसले. परतताना गाडीत मुलीने विचारले, "आई, दबलेला म्हणजे प्रेस केलेला ना? कोणी दाबला?"

मला उत्तर देता आले नाही. कारण माझ्या लग्नाच्या वेळी बाबांनी माझ्या माहितीपत्रकात "वर्ण: गव्हाळ" असे लिहिले होते. मी शेतकऱ्याची नात आहे, गहू मी जवळून पाहिला आहे. मी गव्हाळ नाही. बाबांनाही ते दिसत होतेच. त्यांनी खोटे लिहिले ते मुलीच्या काळजीपोटी, आणि मी गप्प राहिले ती त्यांच्या काळजीपोटी. असे एकमेकांवरच्या मायेतूनच हे पुढे चालत राहते.

आता कॅनडाकडे येऊ. इथे आपला रंग आपण न लपवता सांगतो. नोकरीच्या अर्जात "व्हिजिबल मायनॉरिटी" असा चौकोन असतो. रोजगार समतेच्या कायद्यानुसार मूळ रहिवासी वगळता जे वंशाने कॉकेशियन नाहीत किंवा रंगाने गोरे नाहीत, ते सगळे त्यात येतात. २०२१ च्या जनगणनेत या चौकोनातला सर्वांत मोठा गट आपलाच, दक्षिण आशियाई: सुमारे २५ लाख ७० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या ७.१ टक्के. अधिकारांच्या सनदेच्या १५व्या कलमात वंश, धर्म, लिंग यांच्याबरोबर "रंग" हा शब्द स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. त्या शब्दाच्या आधारावर आपण इथे ताठ मानेने उभे आहोत.

तो शब्द फुकट मिळालेला नाही. १९०८ साली कॅनडाने नियम केला की, येणाऱ्याने आपल्या देशातून थेट, न थांबता प्रवास केलेला असावा. नियमात रंगाचा उल्लेखही नव्हता. पण भारतातून तसा थेट बोटीचा प्रवास जवळजवळ अशक्य होता. १९१४ मध्ये कोमागाटा मारू जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला आले, दोन महिने बंदरात उभे राहिले, आणि मोजके लोक सोडता सगळ्यांना परत पाठवले गेले. १९६२ मध्ये प्रवेशाच्या नियमांतून वंशभेद मोठ्या प्रमाणात हटला, १९६७ मध्ये गुणांची पद्धत आली. त्या दरवाजाने आपल्यातले बरेचजण आत आले.

यातून मी एक गोष्ट शिकले: रंगाचे नाव न घेताही रंगावरून दार बंद करता येते. आपण "अनुरूप स्थळ" म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो, हे एकदा स्वतःला विचारून पाहा.

मराठीत रंगाला दुसरा शब्द आहे, वर्ण. गोऱ्यांनी आपल्याला हिणवले तर त्याला आपण वर्णद्वेष म्हणतो आणि चिडतो. त्याच शब्दाला "व्यवस्था" जोडली की अनेकांना ती संस्कृती वाटू लागते. वर्ण म्हणजे मुळात कातडीचा रंग, हा सिद्धांत बाबासाहेबांनी १९४६ च्या 'हू वेअर द शूद्राज?' या ग्रंथात खोडून काढला. तरीही "आमच्याकडे सगळे गोरे, आम्ही अमुक ना!" हे वाक्य मी ओंटारियोतल्या दिवाणखान्यांत ऐकले आहे. जात आणि रंग एक नाहीत, पण आपल्या तोंडी ते हातात हात घालून येतात.

वर्णाचा तिसरा अर्थ अक्षर. इथे माझे विज्ञान मदतीला येते. २००५ साली झेब्राफिश या छोट्या माशावरच्या संशोधनातून एसएलसी२४ए५ हे जनुक पुढे आले. त्यातले एकच अक्षर बदलले की माणसाची त्वचा उजळ होते. युरोपीय लोकांत हा बदल जवळपास सर्वांत आहे. भारतात तो उत्तरेत आहे, दक्षिणेतही आहे, कुठे जास्त, कुठे कमी. आणि २०१३ च्या एका अभ्यासाने दाखवले की दोन्हीकडचा बदल एकाच पूर्वजाकडून आलेला आहे. त्वचेचा रंग ठरवणारी जनुके इतरही आहेत, पण एक वर्ण बदलला की वर्ण बदलतो, हे खरे. कर्तृत्व, शील, बुद्धी यांतले काहीही त्या अक्षरात लिहिलेले नाही.

काहीजण म्हणतील, मग रंग पाहूच नका. तेही चूक. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्या. २०२० साली अमेरिकेतल्या रुग्णांवरच्या अभ्यासात दिसले की, रक्तातला प्राणवायू घातक पातळीपर्यंत उतरलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांत जवळपास तिप्पट होते. रंग जरूर पाहावा, पण त्यावरून माणसाची किंमत ठरवू नये.

म्हणून माझ्या दोनच विनंत्या. एक, आपल्या ओळखीत फिरणाऱ्या वधूवरांच्या माहितीपत्रकांतून "वर्ण" हा रकाना काढू या. जातीचा रकानाही त्याच दिवशी काढता आला तर उत्तम. दुसरी, ओंटारियोच्या मानवी हक्क आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये जातीवरून होणारा भेदभाव हाही इथल्या कायद्याने निषिद्ध असल्याचे स्पष्ट केले. त्यावर आपल्याच काही लोकांनी "आमची बदनामी" असा सूर लावला. रंगासाठी ज्या कायद्याचा आधार घ्यायचा, तोच जातीसाठी कुणी घेतला तर रागवायचे, हे बरे नव्हे. आपण मराठी माणसांनी त्याचे उघडपणे स्वागत करावे.

आणि मुलीला उत्तर? परवा दिले. म्हटले, "कोणी दाबला विचारलंस ना? तुझ्या आजोबांनी थोडा, काकूंनी थोडा, आणि त्या दिवशी हसून मीही." ती म्हणाली, "मग पुढच्या वेळी हसू नकोस."

नाही हसणार.