थेंबातून आरपार उजेड

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून व्हायच्या आतच वाद पेटला. आमच्यातल्या एकीचं हिमोग्लोबिन उपकेंद्रात 8.2 भरलं आणि चार दिवसांनी दुसरीकडे 9.6. "मशीनच खोटं, मग गोळ्या कशाला गिळायच्या?" असं म्हणून तिनं गोळ्या सोडल्या. पाचवा महिना चालू आहे तिचा. मग आम्ही सात-आठ जणी सिस्टरांकडे गेलो आणि म्हटलं, मशीन दाखवा आम्हाला.

आधी कसं होतं, की रक्ताचा थेंब नळीतल्या आम्लात घालायचा, पाणी घालत घालत रंग फिका करायचा आणि शेजारच्या काचेच्या रंगाशी डोळ्यांनी जुळवायचा. ढगाळ दिवस असला, बघणारीचे डोळे दमलेले असले, की आकडा इकडेतिकडे. आता थेंब जातो क्युवेट नावाच्या चपट्या, इवल्याशा प्लास्टिकच्या कपात. कपाच्या आत सुकं औषध असतं. ते रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं आणि हिमोग्लोबिनला एक पक्का रंग देतं. मशीन त्यातून ठरावीक रंगाचा उजेड सोडतं आणि पलीकडे किती पोचला ते मोजतं. ग्लासातला चहा कडक असला तर पलीकडचं दिसत नाही, पाणचट असला तर दिसतं, तसंच हे. हिमोग्लोबिन जास्त, तर उजेड जास्त अडतो. रक्त गढूळ असलं तर फसगत होऊ नये म्हणून काही मशीनमध्ये दुसऱ्या रंगाचाही उजेड असतो. कोविडात बोटाला लावायचा तो चिमटाही उजेडावरच चालतो, पण तो ऑक्सिजन सांगतो. तिथं 98 आलं म्हणजे अंगात रक्त भरपूर, असं मुळीच नाही! आमच्यातल्या निम्म्या जणी तेच धरून बसल्या होत्या.

मग आकडा का बदलला? सिस्टरांनी विचारलं, बोट पिळलं होतं का? पिळलं होतं. हात गार होता, रक्त येईना, म्हणून दाबून दाबून काढलं. बोट पिळलं की रक्ताबरोबर मांसातलं पाणीही येतं आणि थेंब पातळ होतो. हात कोमट पाण्यानं धुवून पुसून कोरडा करायचा, मधल्या किंवा अनामिकेच्या बोटाला कडेनं टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा. कपात हवेचा बुडबुडा राहिला तरी आकडा चुकतो. कपांची डबी उघडी राहिली, ओल लागली, तरीही. हे सगळं आता आम्ही शेजारी उभं राहून बघतो. सिस्टरांना राग येत नाही, उलट बरं वाटतं म्हणाल्या.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. गरोदर बाईला 11 च्या खाली आलं की रक्त कमी, एरवी 12 च्या खाली. म्हणजे 8.2 धरा नाहीतर 9.6 धरा, गोळ्या दोन्हींत लागतातच. वाद आकड्याचा, आणि उपाशी राहिलं पोटातलं बाळ. 2019 ते 21 च्या सरकारी पाहणीत आपल्या राज्यात 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांचं रक्त कमी निघालं. आमच्या बैठकीला वीस जणी बसतात, मोजा तुम्हीच.

गटाच्या पैशातून स्वतःचं मशीन घ्यावं, असंही एकीनं काढलं होतं. आम्ही नको म्हटलं. मशीन एकदा घेऊन भागत नाही, प्रत्येक तपासणीला नवा कप लागतो आणि त्याची मुदतही संपते. मध्ये तीन आठवडे उपकेंद्रातच कप नव्हते. तेव्हा गावच्या आरोग्य समितीकडे अर्ज दिला, पोच घेतली, आणि कप आले.

ती आता गोळ्या घेते. चहाबरोबर घेत होती, ते बंद केलं, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळेला. परवा पुन्हा तपासलं, बोट न पिळता: 10.1. कार्डावर तिनं स्वतः तारीख घालून लिहिलं. पुढच्या महिन्यात जाऊबाईही येणार आहेत म्हणे, हात कोमट करून.