आकाशांतील विमानघर

सर्कशींतील खेळाडू एक झुला सोडून दुसरा पकडतो, तेव्हां आपला श्वास क्षणभर रोखला जातो. असाच खेळ, परंतु शेंकडों फूट उंचीवर, अमेरिकन आरमाराचे वैमानिक १९३२ ते १९३५ ह्या काळांत करीत असत. त्या प्रयोगाची हकीकत आज सांगावयाची आहे.

पहिल्या महायुद्धानंतर आरमारांपुढें मोठा प्रश्न होता, कीं अफाट महासागरांत शत्रूचीं जहाजें शोधावीं कशीं? विमानाचा पल्ला तेव्हां तोकडा होता. म्हणून विमानें वाहून नेणारें जहाजच हवेंत तरंगत ठेवावें, अशी कल्पना अमेरिकेंत निघाली. ओहायओ संस्थानांतील ॲक्रन शहरीं 'ॲक्रन' व 'मेकन' ह्या दोन वायुनौका बांधण्यांत आल्या. प्रत्येकीची लांबी ७८५ फूट. तिच्या पिशव्यांत न पेटणारा हेलियम वायु. आणि पोटांत चक्क विमानघर! 'स्पॅरोहॉक' नांवाचीं चिमुकलीं विमानें तेथून एका झुल्यास टांगून खालीं सोडीत. परततांना वैमानिक आपला वेग नौकेच्या वेगाशीं जुळवी व पंखावरील आकडा झुल्याच्या दांडीला अडकवी. पुढें तर विमानांचीं चाकें काढून त्या जागीं पेट्रोलची जादा टांकी बसवूं लागले. कारण उतरावयाचें तें आकाशांतच!

परंतु ४ एप्रिल १९३३ रोजीं, मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळांत, न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ 'ॲक्रन' वादळांत सांपडली आणि तिचें शेपूट समुद्रावर आदळलें. नौकेवर ७६ माणसें होतीं. त्यांपैकीं ७३ मृत्युमुखीं पडलीं. ह्या प्रयोगाचे मोठे पुरस्कर्ते रिअर ॲडमिरल विल्यम मॉफेट त्यांतच गेले. पाण्यावर तरंगविणारीं जाकिटें नौकेवर नव्हतीं. समुद्रावर उडणाऱ्या नौकेंत समुद्रांत पडण्याची तरतूदच नव्हती! पुष्कळजण आपटून नव्हे, तर बुडून व थंडीनें गारठून मेले.

जे तिघे वांचले त्यांत हर्बर्ट वायली नांवाचे अधिकारी होते. १९३४ सालीं तेच 'मेकन'चे कप्तान झाले. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट 'ह्यूस्टन' ह्या युद्धनौकेनें हवाईकडे जात असतां 'मेकन'च्या विमानांनीं त्यांना भर महासागरांत हुडकून काढलें व त्यांच्यासाठीं वर्तमानपत्रें खालीं टाकलीं. कल्पनेंत तथ्य होतें, हें त्या दिवशीं दिसून आलें.

मात्र त्याच वर्षाच्या एप्रिलांत, टेक्सासवरून जातांना, 'मेकन'च्या शेपटाकडील सांगाड्यास इजा झाली होती. दुरुस्ती बहुतेक झाली. वरच्या उभ्या पंखाच्या बुडाचें काम तेवढें पुढच्या सवडीवर ठेवलें. १२ फेब्रुवारी १९३५ रोजीं, कॅलिफोर्नियांतील पॉइंट सूर येथें, वाऱ्याच्या एका झोतानें तोच पंख उखडला, मागील पिशव्या फाटल्या आणि 'मेकन' समुद्रांत बुडाली. पण ह्या खेपेस जाकिटें होतीं, रबरी होड्या होत्या, आणि आरमाराच्या युद्धनौका जवळपासच होत्या. ८३ पैकीं ८१ माणसें वांचलीं.

ह्या दोन आंकड्यांत सारी कथा सामावलेली आहे. 'ॲक्रन'च्या अपघातानें शिकविलेला एक धडा तत्काळ अंमलांत आणला, त्यानें ८१ जीव वांचले. टेक्सासनें दिलेला दुसरा धडा लांबणीवर टाकला, त्यानें नौका गेली. नवीन प्रयोगांत संकटें येणारच. तीं टळतील अशी हमी कोणीच देऊं शकत नाहीं. परंतु आलेल्या संकटाची शिकवण आज घ्यावयाची कीं सवडीनें, हें मात्र माणसाच्या हातीं असतें. १९९० सालीं 'मेकन'चे अवशेष समुद्रतळाशीं सांपडले. तीं चिमुकलीं विमानें अजून त्यांतच पडून आहेत.