दंतवैद्यक शिक्षणातील अभिप्राय व आत्मपरीक्षण



बुधवार पेठेच्या अप्पा बळवंत चौकात नाना विद्याशाखांची पुस्तके मिळतात. दंतवैद्यकाचा विद्यार्थीही तेथून ग्रंथ नेतो. परंतु त्याच्या स्वतःच्या हातून झालेली चूक कोणत्याही ग्रंथात छापलेली नसते. ती प्रथम शिक्षकाने दाखवावी लागते व पुढे त्याची त्यालाच दिसावी लागते.

मुंबईत १९३३ साली नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय स्थापन झाले. पुढे या शिक्षणाचा राज्यभर विस्तार झाला. पुण्यातही अनेक महाविद्यालये निघाली. रुग्णाला हात लावण्यापूर्वी विद्यार्थी कृत्रिम जबड्यावर सराव करतो. चांदी भरण्यासाठी दाढेत साधारण दीड ते दोन मिलिमीटर खोलीचा खळगा कोरावयाचा असतो. शिक्षक तो तपासून वहीत स्वाक्षरी करतात. २००७ च्या नियमावलीने अंतर्गत मूल्यमापनास लेखी व प्रात्यक्षिकात प्रत्येकी १०० पैकी १० गुण ठेवले. मात्र गुण आणि स्वाक्षरी एवढेच हाती पडले, तर काम कसे झाले यापेक्षा किती झाले, याकडेच विद्यार्थ्याचे लक्ष लागते.

म्हणून तपासणीपूर्वी त्यानेच नोंद करावी : खोली किती, कडा कशा, शेजारच्या दातास ओरखडा गेला काय? नंतर शिक्षकांनी त्याच मुद्द्यांवर आपले मत द्यावे. दोन नोंदींमधील तफावत त्याला खूप काही शिकवते. निव्वळ आत्मपरीक्षण पुरेसे नाही. क्रुगर व डनिंग या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९ मधील अभ्यासात, चाचणीत मागे पडलेल्यांनीच स्वतःविषयी सर्वाधिक फुगीर अंदाज केल्याचे आढळले.

अभिप्राय कामावर असावा, व्यक्तीवर नसावा. चारचौघांत पाणउतारा झालेला विद्यार्थी चूक लपवावयास शिकतो. कृत्रिम दातावर लागलेली ही सवय पुढे रुग्णाच्या मुखापर्यंत पोहोचते. आणि एकदा कोरले गेलेले दाताचे एनॅमल पुन्हा वाढत नाही.

प्रतिक्रमणात स्वतःचे दोष पाहणे व आलोचनेत ते गुरूंसमोर निवेदन करणे समाजाला परिचित आहे. तेथे दोष सांगणाऱ्याची हेटाळणी होत नाही. ज्या घरांतील मुले-मुली हे शिक्षण घेत आहेत, तेथे "किती गुण पडले?" याच्या जोडीने "आज काय चुकले, आणि ते तुझ्या लक्षात कसे आले?" हेही विचारले जावे. त्याचे उत्तर निर्भयपणे देणाऱ्या मुलाच्या हाती उद्याचा रुग्ण सुरक्षित राहील.