कुंपणावरील वसंतवार्ता

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील व्याख्यानाचे शब्दांकन)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून थोरामोठ्यांच्या कार्याचे स्मरण व्हावे, हे उचितच आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या मानाने फारच लहान आहे. वसंत जवळ येऊ लागला की शेजारीपाजारी आपापल्या बागेत उभे राहून ज्या गप्पा मारतात, त्या गप्पांविषयी हे चार शब्द आहेत. दिल्लीत येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना या गप्पांनी काय दिले आणि त्या थांबल्या तर काय गमावले जाईल, एवढाच त्यांचा विस्तार.

जानेवारी सरत आला की दिल्लीचे धुके विरळ होऊ लागते. कित्येक दिवस दारे-खिडक्या लावून बसलेली माणसे उन्हाच्या ओढीने बाहेर येतात. जुन्या सरकारी वसाहतींत तळमजल्याच्या घरापुढे चार वाफ्यांची जमीन असते आणि दोन घरांच्या मध्ये मेंदीचे कमरेएवढे कुंपण. त्या कुंपणाच्या दोन्ही बाजूंना एकाच सुमारास खुरपी चालू लागतात. बोलणे झाडावरून सुरू होते आणि गुडघेदुखी, मुलांच्या परीक्षा, बदलीचा हुकूम अशी वळणे घेत पुन्हा झाडावर येते.

या गप्पांतील पहिला वाद असतो तो वसंत नेमका केव्हा येतो, याचा. मराठी माणसाच्या मनातला वसंत चैत्र-वैशाखाचा. आंब्याची तांबूस पालवी, गुढीपाडवा, चैत्रगौरीचे हळदीकुंकू, आंब्याची डाळ आणि पन्हे. पलीकडच्या पंजाबी बीजींचा वसंत मात्र माघ शुद्ध पंचमीलाच येतो. त्या दिवशी त्या पिवळी ओढणी घेतात आणि गोड पिवळ्या भाताची वाटी कुंपणावरून पुढे करतात. ऋतुगणनेप्रमाणे माघ-फाल्गुन हा शिशिर. म्हणजे वसंताचे नाव मिरवणारी पंचमी शिशिरात येते, हे अलीकडच्या आजोबांचे म्हणणे बिनतोड असते. परंतु चैत्र उजाडेपर्यंत दिल्लीचे ऊन तापलेले असते आणि पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी यांचे वाफे माना टाकू लागलेले असतात. ज्याला दिल्लीत फुले पाहायची आहेत त्याने चैत्राची वाट पाहून चालत नाही, हे बीजींचे उत्तरही तितकेच बिनतोड असते.

दुसरा वाद महिन्यांच्या नावांचा, आणि तो वरवर वाटतो तितका निरुपद्रवी नाही. मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, तर उत्तरेकडील पंचांगात पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते. कृष्ण पक्षात ते बदलते. म्हणून महाशिवरात्र एकाच दिवशी येऊनही मराठी घरात ती माघ वद्य चतुर्दशी असते आणि शेजारच्या घरात फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. आता एखाद्या मराठी आजींनी शेजारणीला सांगितले की मोगरा माघ वद्यात छाटावा, तर शेजारीण आपल्या पंचांगातला माघ कृष्ण पक्ष धरणार. आणि तो येतो एक महिना आधी, ऐन कडाक्यात. छाटलेल्या मोगऱ्याला कोवळे फुटवे यायचे आणि थंडीने करपायचे. सल्ला बरोबर, ऐकणारी चतुर, तरी झाड संकटात! अशा अनुभवांतून शेजाऱ्यांनी एक तोड काढलेली असते. महिन्याचे नाव घ्यायचेच नाही. ‘शिवरात्र झाली की’ असे म्हणायचे. हा दिवस दोघांनाही एकच असतो.

बोरांचीही अशीच गंमत. मराठी घरात संक्रांतीच्या सुमारास बाळाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा ओतून बोरन्हाण करतात. पलीकडच्या बंगाली घरातील मुलांना मात्र सरस्वतीपूजा होईपर्यंत बोर खायचे नसते. आणि सरस्वतीपूजा म्हणजे पुन्हा ती वसंतपंचमीच. बोरन्हाणाला बोलावलेली बंगाली मुले बोरे उचलतात, खिशात घालतात आणि पंचमीपर्यंत जपून ठेवतात. एकाच झाडाच्या फळाला दोन घरांत दोन मुहूर्त असू शकतात, हे त्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही.

वाद मिटले की कामाचे बोलणे सुरू होते. शेवंतीचा बहर ओसरलेला असतो. तिच्या काड्या जमिनीलगत छाटून बुंध्याशी आलेले फुटवे वेगळे करायचे असतात. हंगामी फुलांच्या सुकलेल्या फुलांना वेळीच खुडले नाही, तर रोप बी धरते आणि बहर लवकर आटोपते. भेंडी, दुधी, दोडका, काकडी यांचे बी काढून ठेवायचे असते. कठीण सालीचे बी रात्रभर भिजवायचे असते. हवा उबदार होताच कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसू लागतो. त्यावर घाईने औषध मारण्यापूर्वी पानाच्या पाठीशी ठिपकेदार ढालकिडे आहेत का, हे पाहायचे असते. कारण ते मावा खातात आणि औषधाने तेही मरतात.

यातले बरेचसे पुस्तकांत सापडते. पण पुण्याच्या हवेसाठी लिहिलेले बागकामाचे पुस्तक दिल्लीत आणले, तर त्यातील झाडे खरी ठरतात आणि तारखा चुकतात. कढीलिंबाचेच पाहा. महाराष्ट्रात जो बारमाही हिरवा, तो दिल्लीच्या थंडीत पाने गाळून काटकी होऊन बसतो. नवखा माणूस तो मेला असे समजून उपटून टाकतो, नाहीतर काळजीपोटी पाणी घालून त्याची मुळे कुजवतो. समोरच्या घरातील तमिळ मामींनी तोच अनुभव आधी घेतलेला असतो. त्या सांगतात, “नखाने साल जराशी खरवडून पाहा. आत हिरवे दिसले तर होळीपर्यंत थांबा. पाणी बेताने घाला.” होळीच्या आसपास त्या काटकीला पोपटी कोंब फुटतात. मामींचे हे वाक्य कोणत्याही पुस्तकातून आलेले नसते. त्यांनी गमावलेल्या पहिल्या झाडातून आलेले असते. बागेचे ज्ञान असे जागेचे असते. ते त्या जागी आधी राहिलेल्या माणसाकडूनच मिळते आणि तेही त्याच्याशी बोलणे असेल तरच.

बोलायचे तर भाषा हवी आणि भाषेचे खड्डे दोन्ही बाजूंना असतात. मराठीतील कुंडी म्हणजे रोप लावायचे मातीचे भांडे. हिंदीतील कुंडी म्हणजे दाराची कडी. ‘कुंडी फुटली’ हे ऐकून शेजारचे गृहस्थ सुतार घेऊन येतात, यावर हसून भागते. सगळ्याच शब्दांवर हसून भागत नाही. थंडीच्या दिवसांत शेजारी सावध करतात, “आज रात को पाला पड़ेगा.” मराठी कान ऐकतात तो झाडाचा पाला. पाने पडणार आहेत, सकाळी झाडून काढू, असे म्हणून घर निर्धास्त झोपते. हिंदीत पाला म्हणजे पिकाला जाळून टाकणारे हिमदव. सकाळी वृंदावनातील तुळस काळवंडलेली असते. बदलीने नव्याने आलेल्या घराचा पहिला हिवाळा असा जाऊ शकतो. गावाहून जपून आणलेले रोप, रोज पाणी घालून ज्याला नमस्कार केला ते रोप, एका शब्दामुळे जाते. आणि घरातील वृद्ध स्त्रीला ते साधे झाड गेल्यासारखे वाटत नाही.

कुंपणावरच्या गप्पांचे मोल अशा वेळी कळते. पाला पडणार असेल तर संध्याकाळी रोपांना हलके पाणी द्यावे, तुळशीवर ओढणी घालावी, कुंडी भिंतीच्या आडोशाला घ्यावी, हे बीजी त्या सकाळी समजावून सांगतात. थंडीपूर्वी खुडून ठेवलेल्या मंजिऱ्या त्यांच्याकडे कागदाच्या पुडीत असतात. शिवरात्र झाली की त्यातले चिमूटभर बी कुंपणावरून अलीकडे येते. पुढच्या वर्षीची तुळस त्या बियांची असते. तिला कोणी परकी म्हणत नाही.

देणेही एकतर्फी नसते. मार्चमध्ये अळूचे कांदे लावतात. पंजाबी घरात ते लावायचे ते अरबीसाठी, म्हणजे जमिनीखालच्या कांद्यांसाठी. पाने वाया जायची. मराठी घराला हवी असतात नेमकी पानेच. चिंचेशिवाय अळू घशाला खाजते, देठाकडची जाड शीर लाटण्याने चेपावी, पानाच्या मागच्या बाजूला पीठ लावावे, असे सांगत अळूवडीची पहिली ताटली पलीकडे जाते. पुढल्या वर्षापासून एकाच वाफ्यावर दोन घरे नांदतात; वरचे अलीकडच्यांचे, खालचे पलीकडच्यांचे. ज्या घराजवळ स्वतःचे असे काही असते, तेच शेजाऱ्याला काही देऊ शकते. परप्रांतात मराठीपण राखणे म्हणजे दार लावून घेणे, असे ज्यांना वाटते त्यांनी हा वाफा पाहावा.

वसंतात दिल्लीतील बागवेडी मंडळी पुसा संस्थेच्या कृषी मेळ्याला जातात आणि बियाण्यांच्या पिशव्या आणून आपसांत वाटून घेतात. त्या पिशवीवरील ‘पुसा’ हे नाव दिल्लीचे नाही. पुसा हे बिहारमधील गाव. १९०५ साली तेथे कृषिसंशोधन संस्था उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात तिची इमारत उद्ध्वस्त झाली आणि १९३६ साली संस्था दिल्लीला हलवण्यात आली. जागा बदलली, माती बदलली. नाव मात्र संस्थेने सोबत आणले, आणि आज दिल्लीकरांना ते आपलेच वाटते. दूरच्या गावी येऊन भाषा सांभाळणाऱ्या शाळेला या गोष्टीचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

आता काळजीची गोष्ट. ज्या वसाहतींत ही कुंपणे होती, त्यांतील अनेक पाडल्या जात आहेत. दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासासाठी होणाऱ्या वृक्षतोडीचा प्रश्न २०१८ साली उच्च न्यायालयात गेला, तेव्हा वृत्तपत्रांतून झाडांची मोजदाद झाली. कुंपणांची मोजदाद कोणी केली नाही. उंच इमारतीच्या गॅलरीत कुंड्या ठेवता येतात, बागही चांगली फुलते. पण दोन गॅलऱ्यांच्या मध्ये कुंपण नसते. कढीलिंब वाळला तर माणूस फोनवर शोधतो आणि त्याला सरासरी हवेचे सरासरी उत्तर मिळते. त्याच्याच मजल्यावर, त्याच वाऱ्याच्या झोतात, कोणाचा तरी कढीलिंब हिरवा असतो, हे त्याला कळत नाही.

यात मुलांचे नुकसान अधिक. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकणारे मूल समीकरण, ध्रुवीय प्रदेश, प्रकाशसंश्लेषण हे शब्द बिनचूक लिहिते. परंतु आळे, वाफा, फुटवा, बहर, कलम, मोहोर हे शब्द पाठ करून येत नाहीत. आजोबा ‘आळे नीट कर, पाणी बाहेर जाते आहे’ असे म्हणतात आणि हाताला चिखल लागतो, तेव्हा तो शब्द येतो. पलीकडचे अंकल त्यालाच थाला म्हणतात, हेही त्याच वेळी कळते. अशा मुलाची मराठी हिंदीमुळे कमी होत नाही. एका खड्ड्याला दोन नावे असतात, एवढेच त्याला उमगते. मोठी माणसे बागेत उभी राहून बोलत असताना मुलाला ‘अभ्यासाला बस’ म्हणून आत पाठवण्यापूर्वी पालकांनी याचा विचार करावा.

बदलीच्या नोकरीतील माणसांनी सरकारी घरापुढे लिंबाची रोपे लावलेली आहेत. बियांपासून वाढवलेल्या कागदी लिंबाला फळ धरायला चार-पाच वर्षे सहज लागतात. तोवर लावणाऱ्याचा पुढच्या गावचा हुकूम निघालेला असतो. हे ठाऊक असूनही रोपे लावली गेली. घर सोडताना किल्ली कचेरीत जमा होई आणि झाडाची माहिती शेजाऱ्याकडे: पाणी केव्हा तोडायचे, खत किती घालायचे. नव्या बिऱ्हाडाला ती शेजाऱ्याकडून मिळे. लिंबू एकाने लावले, सांगणे दुसऱ्याने जपले, सरबत तिसऱ्याने केले.

शाळा तरी याहून निराळे काय करते? साठ वर्षांत येथे शिकवून गेलेल्यांनी आणि शिकून गेलेल्यांनी जे लावले, त्याची फळे बहुतेक वेळा दुसऱ्यांनीच पाहिली. आता कुंपणे कमी होत असताना, शाळेच्या आवारात चार वाफे काढून फेब्रुवारीतील एक रविवार आजी-आजोबा, पालक, माजी विद्यार्थी आणि परिसरातील अमराठी शेजारी यांच्यासाठी राखून ठेवता येईल. भाषणे नकोत, स्पर्धा नकोत. खुरपी असावीत, पाण्याची झारी असावी आणि बोलायला पुरेसा वेळ असावा.

शिवरात्र जवळ आली आहे. ज्यांच्याकडे तुळशीचे बी शिल्लक असेल, त्यांनी एक पुडी शेजाऱ्यासाठी बांधून ठेवावी.