मुका ‘सिंहगड’



महाड-पोलादपूरच्या माणसांना तानाजी मालुसरे कोण हे सांगायची गरज नाही. उमरठ हे त्यांचं गाव पोलादपूर तालुक्यातलं, आणि त्यांची समाधीही तिथंच. कोंढाण्यावरून त्यांचा देह ज्या घाटानं खाली कोकणात उतरवला, त्याला मढे घाट हे नाव तेव्हापासून पडलं, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

पण आज मी लढाईची गोष्ट सांगायला बसलेलो नाही. त्या लढाईवर १९२३ साली कोल्हापुरात एक चित्रपट तयार झाला, त्याची गोष्ट सांगणार आहे. चित्रपटाचं नाव ‘सिंहगड’. त्यात काळोख्या रात्रीचा छापा होता, वैऱ्याच्या कैदेत सापडलेली एक राजपूत स्त्री होती, तिचं पुढं काय होणार ही धास्ती होती. अद्भुतरम्य म्हणावं असं सगळं त्यात होतं. नव्हता फक्त आवाज. तो मूकपट होता.

तो काढला बाबूराव पेंटर यांनी. त्यांचं खरं आडनाव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ‘पेंटर’ हेच नाव चिकटलं. चित्रं हलती करायची तर कॅमेरा हवा, आणि विलायती कॅमेऱ्याला पैसा कुठून आणायचा? तेव्हा या गृहस्थानं दामले यांच्यासारखे जोडीदार हाताशी धरून कोल्हापुरातच कॅमेरा बनवला. १९१८ सालची ही हकीकत. त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला, आणि लोकमान्य टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं.

आता ‘सिंहगड’ काढताना अडचण काय होती पाहा. गड घेतला तो रात्री. आणि त्या काळची फिल्म अशी मंद, की लख्ख ऊन असल्याशिवाय तिच्यावर काही उमटायचंच नाही. म्हणून रात्रीचा प्रसंगही दिवसा उन्हात घ्यायचा, नंतर तेवढी फिल्म निळ्या रंगात बुडवायची, आणि प्रेक्षकांनी त्याला रात्र मानायचं, अशी रीत होती. पेंटर चित्रकार पडले. अंधार कसा दाखवायचा तर उजेड नेमका कुठं पाडायचा, हे त्यांना ठाऊक. त्यांनी ‘सिंहगड’साठी कृत्रिम दिव्यांचा उपयोग केला. आपल्या देशातल्या चित्रपटात हा उपयोग पहिल्यांदा इथंच झाला, असं चित्रपटाचा इतिहास लिहिणारे मानतात.

तानाजीचं काम बाळासाहेब यादव यांनी केलं. शेलारमामा मात्र कोण झाला होता, हे ऐकून तुम्हांला गंमत वाटेल. पोवाड्यातला शेलारमामा ऐंशी वर्षांचा म्हातारा. चित्रपटात ती पांढरी दाढी लावून उभा होता बावीस वर्षांच्या आतबाहेरचा एक पोरगा. त्याचं नाव शांताराम. पुढं हेच व्ही. शांताराम म्हणून नावारूपाला आले, आणि दहा वर्षांनी, १९३३ साली, त्यांनी प्रभात कंपनीसाठी ‘सिंहगड’ पुन्हा काढला. तो बोलपट.

मूकपट पाहायचा कसा, हे आजच्या मुलांना सांगावं लागेल. पात्रं ओठ हलवीत, मग मध्येच पडद्यावर पाटी येई, तिच्यावर संभाषण छापलेलं. वाचता येणारे किती असत? म्हणून पाटी आली की कुणीतरी ती मोठ्यानं वाचून दाखवी, आणि पडद्यापुढं पेटी-तबला चाले. लढाई आली की तबलजी हात सोडून वाजवी. थिएटर मुकं कधीच नसे. आपल्या भागातला गिरणीत राबणारा चाकरमानी मुंबईत असा खेळ पाहून शिमग्याला गावी येत असेल, तेव्हा ओटीवर बसून त्यानं तो कसा रंगवून सांगितला असेल याची कल्पना करा. कुठं पाटी संपली, कुठं वाचणाऱ्याची पदरची भर सुरू झाली आणि कुठं सांगणाऱ्याची, हे कोण वेगळं काढणार?

मुंबईत ‘सिंहगड’ला एवढी गर्दी लोटली की ती सरकारच्या डोळ्यांवर आली आणि त्यातूनच करमणूक कर निघाला, असं चित्रपटवाले सांगतात. कराचा कायदा १९२३ सालचा हे खरं. पण एका चित्रपटापायी तो आला असेल, असं मला काही वाटत नाही. कर बसवायचा म्हटला की कारण सापडतंच.

आता मघाच्या राजपूत स्त्रीकडे येऊ. तिचं नाव कमलकुमारी. ती आली हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीतून, कारण चित्रपटाची कथा तिथूनच घेतलेली. उदयभानूनं तिला धरून आणलेलं, आणि तिच्या सुटकेची घालमेल गडाच्या लढाईत गुंफलेली. पण सभासदाची बखर काढा. ती १६९७ च्या सुमाराची, म्हणजे लढाईनंतर सत्तावीस वर्षांची. तिच्यात कमलकुमारी नाही. मावळे वानरासारखे कडा चढून गेले, तानाजी आणि उदयभान एकमेकांच्या हातून पडले, मग सूर्याजीनं लोकांना सावरून गड घेतला, एवढंच थोडक्यात आहे. यशवंती घोरपड भेटते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. आणि ‘सिंहगड’ हे नाव तर १६६३ सालच्या पत्रातच सापडतं; लढाई झाली ४ फेब्रुवारी १६७० ला.

गुरुजींनो, हे वर्गात सांगताना मुलांचा हिरमोड होईल असं वाटून थांबू नका. कमलकुमारी खोटी म्हणून कादंबरी काही वाईट ठरत नाही. फळ्यावर बखर, पोवाडा, कादंबरी अशा तीन रेघा ओढा आणि एकेक प्रसंग कोणत्या रेघेत बसतो, ते मुलांनाच शोधू द्या. उमरठच्या पोरांना तर यात जास्तच गोडी वाटेल.

चौथी रेघ चित्रपटाची ओढली असती, पण ती आपल्याला भरता येत नाही. कारण १९२३ चा ‘सिंहगड’ आज उपलब्ध नाही. आपल्या देशात तेराशेहून जास्त मूकपट निघाले. त्यांतले तुकड्यातुकड्यानं का होईना, उरले ते तीसच्या आत. कुठं गेले बाकीचे? त्या वेळची फिल्म कापसापासून, नायट्रिक आम्ल वापरून केलेली. ती बंदुकीच्या दारूच्या जातीचीच. ठिणगी लागली की भडका, आणि विझवू म्हटलं तरी विझत नाही. जळाली नाही तर आपोआप कुजते. आधी चिकट होते, शेवटी तपकिरी भुकटी. शिवाय तिच्यावर चांदीचा अंश असतो. बोलपट आल्यावर मुक्या फिल्मला गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा कित्येक फिल्मा चांदी काढून घ्यायला विकल्या गेल्या. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून मिळेल तो डबा जमवला. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ त्यांच्याच खटपटीनं आपल्याला दिसतो. पेंटरांच्या ‘मुरलीवाला’चाही काही भाग उरला आहे. ‘सिंहगड’ हाती लागला नाही.

म्हणून एक विनंती. जुन्या घराचा माळा झाडताना पत्र्याचा चपटा गोल डबा सापडला आणि आत फिल्मची गुंडाळी दिसली, तर ती उलगडू नका. चुलीजवळ, दिव्याजवळ नेऊ नका, जवळ विडी ओढू नका, मुलांच्या हाती देऊ नका. थंड, हवेशीर जागी, घरापासून थोडी दूर ठेवा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. फिल्मच हवी असंही नाही. खेळाची जाहिरात, थिएटरात विकत मिळणारं कथेचं चोपडं, एखादा फोटो, असा कागद ट्रंकेच्या तळाशी असला, तर तोही रद्दीत घालू नका.